वरची मूठ

“थांब!” रावनाना ओरडले. “माप भरलेलं न्हाई!”

माझा उजवा पाय हवेत होता. खाली उंबऱ्यावर तांदळाची पितळी पायली. पायलीच्या पलीकडं सासर, अलीकडं माहेर, आणि मधे हळदीनं पिवळं झालेलं माझं एक पाऊल, ना इकडं ना तिकडं.

“पाय खाली घे गं,” मागनं तान्हूमावशी पुटपुटली. माझी पाठराखीण म्हणून ती माहेराहून आली होती आणि वाटभर बैलगाडीत ओव्या म्हणून तिचा घसा बसला होता. “बगळ्यावाणी किती येळ उभी राहशील?”

“खाली घ्यायचा न्हाई!” रावनाना म्हणाले. “सासरच्या उंबऱ्यावर उचललेलं पाऊल मागं गेलं, तर बरकत मागं जाती.”

“मग पुढं टाकू द्या की.”

“पुढं कसं टाकंल? माप भरलेलं न्हाई म्हंतोय न्हवं मी!”

रावनाना म्हणजे माझे चुलत सासरे, मामंजींचे थोरले भाऊ. दोघंही मेंढेगावच्या पेठेतले मापाडी. बाजारात आलेलं धान्य यांच्या पायलीनं मोजायचं, आणि यांनी मोजलं की ते मोजलं गेलं. पुन्हा कुणी मोजायचं नाही. पण भाऊभाऊ असून दोघांच्या मोजण्यात जमीनअस्मानाचं अंतर. रावनाना पायली भरून वर शीग लावायचे, देवळाच्या कळसासारखी. दाणा घरंगळायला लागला की त्यांच्या मते माप भरलं. माझे सासरे दादबा मापाडी पायलीच्या काठावरनं रूळ फिरवायचे, अगदी हाताच्या तळव्यासारखी सपाटी करायचे, आणि मग वर एक मूठ टाकायचे. घेणारे रावनानांकडं जायचे, विकणारे मामंजींकडं. एवढ्या एका शिगेपायी दोघं भाऊ एका आळीत राहून वेगळ्या आडांचं पाणी पीत होते. पेठेत किलोचा काटा आला, दोघांच्याही पायल्या घरात जाऊन बसल्या, तरी भांडण काही घरात बसलं नाही.

लग्नाला म्हणून तेवढे रावनाना आले होते. घरातलं वडील माणूस, त्यामुळं सूनबाईला आत घ्यायची आज्ञा त्यांनीच द्यायची होती.

“पाय दुखतोय का?” कुणीतरी माझ्या कानाशी विचारलं. तो माझा नवरा, हणमंत. सकाळपासून आमच्या शेल्या-पदराला गाठ होती, पण त्यानं माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी मान हलवली. त्यानं सगळ्यांची नजर चुकवून माझ्या कोपराखाली हात दिला. पुढं आयुष्यात त्यानं मला पुष्कळ काही दिलं, पण त्या वेळचा तो कोपराखालचा आधार मी अजून विसरले नाही.

“पाट आणा रे!” मामंजी म्हणाले. “पोरीचा पाय टेकू द्या.”

“पाट कुठं ठेवणार?” रावनानांनी विचारलं. “आत ठेवला तर माप न ओलांडता आत गेल्यागत हुईल. भाईर ठेवला तर पाऊल मागं गेलं.”

बराच खल झाला. शेवटी हणमंताच्या मावसभावानं आडवं होऊन पायलीच्या शेजारी उंबऱ्यावरच एक उलथी परडी धरली, आणि माझा पाय त्या परडीवर टेकला. परडी आतही नव्हती आणि बाहेरही नव्हती. रावनानांचं समाधान झालं.

“आता बोला,” मामंजी म्हणाले. “काठापासनं काठापर्यंत भरलंय. काय उणं हाय?”

“शीग कुठाय?”

“काठाच्या वर असतं ते माप नसतं, नाना. ती मान्साची हौस असती.”

“आन् तू वर मूठ टाकतोस ती?”

मामंजी जरासे अडखळले. “ती मापात धरायची न्हाई.”

“मग कशात धरायची?”

“मायेत,” मामंजी म्हणाले, आणि रावनाना एवढ्या मोठ्यानं हसले की हलगीवाला दचकून वाजवायचा थांबला.

नवरीनं मान वर करायची नाही, त्यामुळं मला माणसं दिसत नव्हती, माणसांचे पाय तेवढे दिसत होते. रावनानांचे करकरीत नवे जोडे. मामंजींचे भेगाळलेले, वहाणा काढून ठेवलेले. आणि दाराच्या आत सासूबाईंचे. डाव्या हातात ओवाळणीचं ताट होतं त्यांच्या, आणि उजवी मूठ लुगड्याच्या निऱ्यांशी घट्ट मिटलेली. मला वाटलं, दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेतल्या असतील. मधेच त्या एक पाऊल पुढं आल्या, ती मिटली मूठ पायलीवर नेऊ लागल्या.

“साळू, मागं हो,” रावनाना म्हणाले. “मापाला आता कुणी हात लावायचा न्हाई.”

सासूबाई मागं झाल्या. थोरल्या दिरासमोर त्या कधी बोलत नसत, पदर तोंडावरनं ढळू देत नसत. मूठ तशीच मिटलेली राहिली.

मग भरण सुरू झालं. मामंजींनी पायली परातीत ओतली आणि पुन्हा भरायला घेतली. मापाड्याच्या घरात पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. “लाभ,” मामंजी म्हणाले आणि रूळ फिरवला.

“सैल भरलंस,” रावनाना म्हणाले. “तांदूळ वरनं सोडला की पोकळ बसतो. दाण्यात वारा ऱ्हातो. सुनेला काय वाऱ्यावर घरात घेतोस?” त्यांनी पायलीला बाजूनं दोन थापट्या मारल्या. तांदूळ सर्रकन खाली बसला. काठ उघडा पडला. “बघ!”

पायली रिकामी झाली. पुन्हा भरली. “लाभ,” मामंजी म्हणाले.

या वेळी हलगीवाल्याला चेव आला. त्याला वाटलं, लाभ झाला म्हणजे वाजवायचं. त्यानं कडाडून हलगी मारली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तांदूळ थरथरत थरथरत खाली बसायला लागला. जणू त्यालाच लाज वाटत होती.

“वाजवू नगंस रे मुडद्या!” मावशी ओरडली.

हलगी थांबली. पायली रिकामी झाली, पुन्हा भरली. “लाभ.”

आता रावनानांनी आपल्या हातानं वर शीग लावली. खरोखर सुरेख लावली. चिमटीतनं एकेक दाणा सोडत त्यांनी पायलीवर डोंगर उभा केला. सगळे श्वास रोखून बसले. परडी धरलेल्या मावसभावाला शिंक येत होती, ती त्यानं नाक दाबून परत पाठवली. शीग पूर्ण झाली. रावनाना मागं सरले, आणि कुणाच्या तरी पायांतनं एक कोंबडी आली न् तिनं शिगेचं टोक खाल्लं.

“हात्तिच्या!”

“कोंबडीनं खाल्लं ते मापात धरायचं का न्हाई?” मामंजींनी शांतपणे विचारलं.

“भरलेलं होतं!” रावनाना म्हणाले. “कोंबडीनं खायच्या अगुदर भरलेलं होतं!”

“मग त्याच येळंला आत घ्यायची हुती.”

“असं करा,” मावशी म्हणाली, “कोंबडीच बसवा पायलीवर. माप बी भरंल, शीग बी हुईल, आन् वरनं आरवंल बी.” आणि तिला राहवलं नाही. बसक्या घशानं तिनं तिथंच ओवी जुळवली:

“दाराशी ग माझी लेक, ताटकळली उभी राहून,
तांदूळ मोजताना, दिस गेला वाहून.

मापाड्याच्या घरी, दाणा मोजती दोघं भाऊ,
भुकेली ग नवरी, मोजल्याबिगार काय खाऊ?”

बायका पदराआड हसल्या. रावनानांचे जोडे रागानं करकरले. खरंच दिवस वाहून चालला होता. ओवाळणीच्या ताटातल्या निरांजनात दोनदा तेल घालून झालं होतं. दिवेलागणीला सूनबाई आत असायला हवी, मग अमावास्या लागत होती. भटजींनी बजावून सांगितलं होतं. तेव्हा आज नाही तर थेट पुढचा मुहूर्त.

“पंच बोलवा,” गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

“माणूस पंच कशाला?” रावनाना म्हणाले. “भैरोबाच्या देवळात देवाची पायली हाय. तिच्यानं मोजू. देवाला शिगेचं बी कवतिक न्हाई आन् सपाटीचं बी न्हाई. तिच्यातलं हिच्यात मावलं की सूनबाई आत.”

मला वाटलं, सुटले. पण मामंजींचे पाय पाहिले, तर ते वहाणांशिवायही वहाणा शोधत असल्यासारखे मातीत चुळबुळत होते. आणि सासूबाईंच्या हातातलं ताट हललं. निरांजन विझता विझता राहिलं.

केरबा गुरव देवाची पायली डोक्यावर घेऊन आला. ती भरली, मामंजींनीच स्वतः रूळ फिरवला, काठाशी काठ. मग ती आमच्या पायलीत ओतली. आमची पायली भरत आली, भरली, काठाला लागली. आणि देवाच्या पायलीच्या तळाशी अजून तांदूळ उरला होता.

केरबानं पायली कलती केली, तळाचा तांदूळ तळहातावर घेतला. मूठभर. अगदी बरोबर मूठभर.

रावनाना हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. जोड्यांची करकर बंद झाली. “दादबा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज म्हाताऱ्यासारखा झाला, “तुजी पायली... उणी?”

पेठेत मामंजींच्या नावानं शपथ घालत. ‘दादबाच्या पायलीनं मोजलेलं’ असं म्हणत, लग्न जुळवतानासुद्धा म्हणत. माझ्या वडिलांनीही तेच ऐकून मला या घरात दिलं होतं. आणि आता सगळ्या पेठेसमोर त्या पायलीतनं मूठभर तांदूळ बाहेर उरला होता.

“कालपातूर बरोबर हुती,” गर्दीतनं एक आवाज आला.

“आज सकाळपातूर.”

“सूनबाई दारात आली आन् पायली आटली.”

आवाज कुणाचा ते मला आजही माहीत नाही. पण तो शब्द तिथंच जन्मला आणि माझ्याभोवती फिरायला लागला, उदबत्तीच्या धुरासारखा: पायगुण. पितळेची पायली आटू शकते का, असं कुणी विचारलं नाही. विचारायचं तर मग उरतं काय? उरतं एवढंच, की दादबा मापाडी जन्मभर उणं मोजत आला. त्यापेक्षा पायली आटलेली बरी. सगळ्यांनाच बरी वाटली. रावनानांनासुद्धा. भावाशी भांडायला त्यांना आवडायचं, भाऊ चोर निघायला नको होता.

“गाडी जुपा,” ते हळूच म्हणाले. “पोरीला वेशीवरच्या पारावर न्या. पुढल्या मुहूर्तावर बघू.”

“पारावर?” तान्हूमावशी म्हणाली. “अवो, उंबऱ्यावरनं परतलेली पोर पुढल्या मुहूर्ताला कोण आत घेतंय? माज्या भनीला काय सांगू मी? पायली आटली म्हणू?” आणि दिवसभर जिच्या जिभेवर टवाळी होती ती मावशी पदर तोंडात घेऊन रडायला लागली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मला भूक लागली होती एवढंच.

मी खाली बघत होते. दुसरीकडं बघायची मुभा नव्हती. समोर पायली होती. तिच्या अंगावर, खालच्या बाजूला, एक पोचा होता. त्या पोच्याची गोष्ट मी माहेरीसुद्धा ऐकली होती. मामंजींनी तरुणपणी बाजारात जाहीर केलं होतं की हा पोचा नव्हे, ही बोटखोबण. पायली उचलताना हात सटकू नये म्हणून मुद्दाम केलेली. झालं! पेठेतल्या बाकीच्या मापाड्यांनी तांबटाकडं जाऊन आपापल्या पायल्यांना तशाच बोटखोबणी पाडून घेतल्या. तांबट म्हणायचा, चांगल्या भांड्याला पोचा पाडून न्यायला आलेलं गिऱ्हाईक या पेठेतच बघावं. देवाच्या पायलीला तेवढी बोटखोबण नव्हती.

मी त्या खोबणीकडं बघितलं. हाताची बोटं बसावीत इतकी ती वर नव्हती. तळापासनं चार बोटं उंच. रुंदीही चार बोटांची नव्हती. आणि ती खोबण आता माझ्याकडं होती, उंबऱ्याबाहेरून पाय मारला तर अंगठा जिथं लागेल नेमकी तिथं.

मग मी सासूबाईंच्या पायांकडं बघितलं. उजव्या पायाचा अंगठा बाजूला कललेला होता, वेलीवर वाळलेल्या शेंगेसारखा. तो अंगठा आणि ती खोबण. एकमेकांच्या मापाची.

मी मान वर केली. नवरीनं करू नये ते केलं. पदराच्या आतनं सासूबाई माझ्याकडंच बघत होत्या. चेहरा पिठासारखा. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. त्यांच्या डोळ्यांत विनवणी असती तरी मी समजू शकले असते. पण तशी नव्हती. त्यांनी ताट खाली ठेवलं. पदर मागं सारला, थोरल्या दिरासमोर, सगळ्या पेठेसमोर. आणि तोंड उघडलं.

“ती पायली...” सासूबाई म्हणाल्या.

“ती पायली...” त्याच क्षणी मामंजीही म्हणाले.

दोघं थांबले. एकमेकांकडं बघायला लागले. आजवर असं एकदम कधी बोलले नसावेत ते.

पुढं मी जे केलं ते विचार करून केलं असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. पाय परडीवर अवघडून लाकूड झाला होता, हेही तितकंच खरं. मी तो उचलला आणि दोघांपैकी कुणीही पुढचा शब्द काढायच्या आत पायलीला लाथ मारली.

हळूच लोटायची असते. नखानं, फूल लोटावं तशी. मी म्हैस उठवावी तशी मारली.

पायली उंबऱ्यावरनं उडाली. बाईच्या किंकाळीसारखा आवाज करत ओटीवर आदळली, आडवी झाली आणि घरंगळायला लागली. आमचं घर ओढ्याच्या उतारावर. पुढच्या दारात सांडलेलं पाणी मागच्या दारानं आपोआप जायचं. पायली त्याच वाटेनं निघाली. ओटी, माजघर, देवघराचा उंबरा, तिथं एक उडी, मग स्वयंपाकघर. मागं पांढऱ्या तांदळाची रेघ, रांगोळीच्या हातानं ओढावी तशी सरळ. तिच्यामागनं रावनाना जोडे घालून घरात, त्यांच्यामागं मामंजी, केरबा, कोंबडी. पायली मागच्या दारातनं बाहेर पडली, परसात क्षणभर थबकली, इकडंतिकडं बघितल्यासारखी डुलली, आणि आडात पडली.

डुबुक.

आडाला कठडा नव्हता, बाजूला एक फळी टाकलेली असायची. दोघं भाऊ त्या फळीवर गुडघे टेकून आत बघायला लागले. मागं सगळी पेठ. तिथलं मला नंतर तान्हूमावशीनं सांगितलं.

बुडबुडे आले. बराच वेळ येत राहिले. मग पाणी शांत झालं.

“भरली,” मामंजी म्हणाले.

रावनाना वाकून बघत राहिले. “काठोकाठ?”

“काठोकाठ. पाणी कोपरा सोडत न्हाई, नाना. तांदळावाणी वारा बी धरून ठेवत न्हाई.”

“सैल न्हाई ना?”

“पाणी सैल नसतं.”

पाण्यात दोघांची तोंडं शेजारी शेजारी हलत होती. “आन् शीग?” रावनानांनी शेवटी विचारलं, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

मामंजींनी आडाच्या काठाकडं बोट केलं. “तिच्या काठाच्या वर ह्यो अख्खा आड हाय. आनी केवढी शीग पायजे तुमास्नी?”

रावनानांनी पाण्याकडं बघितलं, मग भावाकडं बघितलं. मग त्यांचं सगळं अंग हलायला लागलं. मागच्यांना वाटलं, रडतायत. हसत होते. “माप भरलं!” ते उठून ओरडले. “पेठेत कुणी भरलं न्हाई असं भरलं! वाजव रे!”

हलगीवाल्यानं विचारलं, “नक्की वाजवू?”

“वाजव! पाणी काय खाली बसतंय?”

“आन् ती मूठ उरली हुती ती?” कुणीतरी विचारायचा प्रयत्न केला.

“कुठल्या पायलीची?” रावनानांनी दरडावलं. “उतर आडात, काढ वर, आन् मोज!”

कुणी उतरलं नाही. भरलेली पायली उपसू नये असं तिथल्या तिथं ठरलं, आणि काही वर्षांनी ती जुनी रीत झाली.

एवढा वेळ माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. शेल्याला गाठ असल्यामुळं हणमंत माझ्याबरोबरच ओढला गेला होता आणि आम्ही दोघं ओटीवर तांदळात पडलो होतो. “आत आलीस,” तो म्हणाला, जणू हे त्यालाच पहिल्यांदा दिसत होतं.

“पाय मोडला बहुतेक,” मी म्हणाले. नवऱ्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

सासूबाईंनी मला उठवून स्वयंपाकघरात नेलं. पाटावर बसवलं. हळद-चुना कालवला, चुलीवर कोमट केला. माझा अंगठा वांग्यासारखा सुजला होता. त्या माझ्या पायाशी बसल्या. नव्या सुनेच्या पायाशी सासू. मी पाय ओढायला गेले तर त्यांनी घोटा धरला. एका हातानंच सगळं करत होत्या. उजवी मूठ अजून मिटलेलीच.

“म्हैस हाईस व्हय गं?” त्या म्हणाल्या.

“न्हाई, आत्याबाई.”

“मग एवढी लाथ कुठनं शिकलीस?”

त्यांच्या अंगठ्याकडं माझी नजर गेली. त्यांनी तो लुगड्याखाली घेतला, आणि मग पुन्हा बाहेर काढला, माझ्या अंगठ्याशेजारी ठेवला.

“मी घाबरून मारली हुती,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्ये एवढं मोठं पितळंचं धूड बघितलं आन् वाटलं, हललंच न्हाई तर? म्हनून जोरात. पोचा पडला. मापाड्याची पायली, आन् आल्याआल्या पोचा! रातभर झोप न्हाई. कळलं तर पांढऱ्या पायाची म्हनून हाकलतील. पुढल्या बाजाराला ह्ये निघाले तवा मी म्हटलं, मापून झालं की वर एक मूठ टाकत जावा, आमच्याकडची रीत हाय. जेवढं पोच्यानं गेलं तेवढं मुठीनं भरून निघावं म्हनून. कुनाचा दाणा उणा गेला न्हाई गं. एक बी न्हाई.”

“आन् मामंजी काय म्हणाले?”

“बरं म्हणाले.”

“तुमच्याकडं तशी रीत हुती?”

“कुठली रीत आन् कुठलं काय.” त्या फडकं गुंडाळायला लागल्या. “बिचाऱ्यांना अजून ठावं न्हाई. बोटखोबणच समजत ऱ्हायले जल्मभर. आज सांगणार हुते मी, तुज्यावर आळ यायला नगं म्हनून. तू मधीच लाथाळलीस.”

“आन् मामंजी काय सांगणार हुते?”

सासूबाईंचा हात थांबला. “त्ये बी काही म्हनत हुते, न्हवं?”

“तुमच्याबरूबरच. ‘ती पायली’ म्हणाले.”

दारात सावली पडली. मामंजी उभे होते, परसातनं आल्यामुळं गुडघे ओले. सासूबाईंनी पदर सावरला. मामंजींनी माझ्या पायाकडं बघितलं, वाटीत उरलेल्या हळदीकडं बघितलं.

“हळद जास्त लाव,” ते म्हणाले. “तुज्या येळंला कमी पडली हुती. म्हनून वाकडा ऱ्हायला.”

आणि मुंडाशाचं टोक झटकून ते बाहेर हलगीच्या आवाजात निघून गेले.

सासूबाई तशाच बसल्या. चूल फुरफुरली. बाहेर तान्हूमावशीचा बसका आवाज चढला होता. ती नवी ओवी जुळवत होती, त्यात आड होता, पायली होती आणि सून म्हैस होती. सासूबाईंना हसू येत होतं की रडू, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. मग त्यांनी माझा पदर पुढं ओढला, त्याची झोळी केली, आणि एवढा वेळ मिटलेली मूठ तिच्यात उघडली.

तांदूळ होता. घामानं ओला, बोटांचे ठसे उमटलेला, मुठीच्या आकाराचा.

“घे,” त्या म्हणाल्या. “आता तू टाकत जा.”